राजारामची पोर ऐकत नाही

गिरण्या बंद पडून तिसरा दिवस. चिमण्यांनी धूर सोडला नव्हता, त्यामुळे लालबागचं आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं स्वच्छ होतं, आणि एरवी धुराच्या गोधडीवर अडणारी जानेवारीची थंडी सरळ बनियनच्या आत शिरत होती. नुकतं उजाडत होतं. चाळीच्या मागल्या नळावर हंडे-कळश्यांची रांग लागलेली. रांगेत सगळ्या बायका आणि एकच पुरुष, गिरणीच्या साचे खात्यातला राजाराम दळवी.

त्याच्या उजव्या हातात हंडा होता. डाव्या मनगटाला लुगड्याची पट्टी बांधलेली आणि पट्टीचं दुसरं टोक त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या, तुळसाच्या मनगटाला. गुराला पाण्यावर न्यावं तसं तो पोरीला घेऊन आला होता. घरी ठेवली तर आईला चावायची. परवाच तिने कौसल्येच्या उजव्या हाताचं बोट असं धरलं होतं की दात काढायला दोघं लागले. मोकळी सोडली तर काय व्हायचं ते संक्रांतीच्या दिवशी सगळ्या चाळीने पाहिलं होतं. तिळगूळ मागायला आलेल्या पुतळाबाईच्या नातीच्या डोक्यात तुळसाने पितळी तांब्या घातला होता.

पुतळाबाई रांगेत पुढेच होती. सातारकडची बाई, नवरा गेल्यापासून खानावळ चालवणारी, तोंडाने कुणाला न हरणारी.

"आवं भोंगं," ती मागे न बघता म्हणाली, "माझ्या नातीच्या टकुऱ्याला तीन टाकं पडल्यात. तुमच्या वाघिणीला काय नळावरचं पानी पाजाय आनलंय का आमचं रगत?"

राजारामला यातलं अर्धं ऐकू आलं. अर्धं त्याने तिच्या मानेच्या झटक्यावरून ओळखलं. नळाखाली जागा झाली तेव्हा तो पोरीला म्हणाला, "सरक गो."

तो आपल्या मते हळूच बोलला. पण ते 'सरक गो' असं गेलं की रांगेतल्या शेवटच्या बाईच्या काखेतली कळशी घसरली. तुळसाचे खांदे कानांपर्यंत चढले. पुढच्या क्षणी तिने भरत आलेल्या हंड्यावर लाथ मारली, हंडा राजारामच्या पायावर आदळला, आणि राजारामने पोरीच्या मुस्कटात एक ठेवून दिली. तिने पट्टीला हिसका देऊन त्याच्या दंडाला दात लावले. बायका बाजूला झाल्या. कुणी मध्ये पडलं नाही. रोजचंच होतं.

"ऐकना नाय," राजाराम दंड चोळत म्हणाला. कुणाला उद्देशून असं नाही. "कितीय ओरडान सांगा, चेडू ऐकनाच नाय."

मालवणाच्या बाजूचा हा माणूस सोळाव्या वर्षी आगबोटीने मुंबईला आला. दोन वर्षं बदली कामगार म्हणून रखडला, मग साचे खात्यात लागला आणि तिथेच राहिला. ज्याने साचे खातं पाहिलेलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. एका छपराखाली सहाशे साचे, म्हणजे माग. प्रत्येक साच्यात धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे, मिनिटाला दोनशेदा, चामड्याच्या वादीचा फटका खाऊन पळतो. आत शिरलेल्या माणसाला पहिले आठ दिवस रात्री झोपेतही खटखट ऐकू येते. पहिली आठ वर्षं गेली की नुसती खटखटच ऐकू येते, बाकीचं कमी होत जातं. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. बोलून उपयोग नसतो. हातवारे असतात. मिशीला पीळ दिला की मुकादम येतोय. दोन बोटं ओठांना लावली की चहा. पंजा उघडून छातीवर ठेवायचा आणि सावकाश पोटापर्यंत ओढायचा, म्हणजे साचा थांबव, धागा गेला. राजाराम आणि त्याच्या शेजारच्या साच्यांवरचा आनंदा हे वीस वर्षं असे बोलत होते. आनंदाच्या बायकोला तिसरा मुलगा झाला, राजारामची आई वारली, या दोन्ही बातम्या त्यांनी एकमेकांना हातांनीच सांगितल्या होत्या.

पण घरी आलं की माणूस तोंडाने बोलतो. राजाराम बोलायचा तो सहाशे साच्यांवरून. चाळीने त्याला भोंगा नाव ठेवलं. दुपारपाळी सुटून तो जिना चढायला लागला की खालचे बिऱ्हाडकरू म्हणत, भोंगा झाला, दिवे मालवा. त्याला हे नाव माहीत होतं. ते त्याला मानाचं वाटे, कारण त्याचा अर्थ त्याने असा लावला होता की आपण वेळेचे पक्के आहोत.

तुळसा लग्नानंतर आठ वर्षांनी झाली. तीन वर्षांची होईपर्यंत कौतुकात गेली. मग ती डोकं भिंतीवर आपटायला लागली. मग चावायला. साडेपाच वर्षांची असताना तिने शेजारच्यांच्या मांजराचं पिल्लू गॅलरीतून खाली टाकलं. शाळेत दीड महिना टिकली. मास्तर फळ्यापाशी उभे राहून पाढे घोकून घेत होते, आवाज चढवून, आणि तिच्या बाकापाशी वाकून 'बोल' म्हणाले. तिने पाटीवरची पेन्सिल त्यांच्या तळव्यात खुपसली. टोक आत राहिलं.

काय केलं नाही विचारू नका. गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला. ताईत बांधला, तो तिने चावून तोडला. दवाखान्यातल्या डॉक्टराने जीभ बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि सांगितलं, दूध द्या. आणि मग वादी. साच्यावरची वादी झिजली की गिरणीत ती बदलतात. जुन्या वाद्या साचेवाले घरी नेत. कुणी तिचा वस्तऱ्याला धार लावायला उपयोग करी, कुणी पेटीला बांधी. राजारामच्या खोलीत ती खुंटीवर होती. आठवड्यातून दोनदा तरी खाली यायची. तो पायांवरच मारायचा, पाठीवर नाही. तेवढं बंधन त्याने स्वतःला घालून घेतलं होतं. पोटऱ्यांवर वळ उठत, कधी रक्त येई. पोर रडत नसे. मार पायांवर बसायचा आणि तुळसा दोन्ही हात कानांवर दाबून धरायची. हे राजारामने पाहिलं होतं, कौसल्येने पाहिलं होतं, उघड्या दारातून अख्ख्या मजल्याने पाहिलं होतं. निगरगट्ट आहे, म्हणत. बाप सांगतोय तेही ऐकायचं नाही म्हणून कान झाकते.

संक्रांतीनंतर राजारामचा थोरला भाऊ नाना गावाहून येऊन थडकला. पत्र त्याला आधीच गेलं होतं. नानाने पोरीला एकदा डोळे भरून पाहिलं, तिने त्याच्या पिशवीतली काजूची बरणी त्याच्याच पायाशी फोडली तेही पाहिलं, आणि निकाल दिला.

"आयतवारच्या बोटीन मी तेका घेवन जातंय. गोठ्यात दावणीक बांधूया. पोटार दोन डाग दिले काय सरळ होतला. आपल्या काकीची भैण आठावता? तेका अशीच बांधलेली."

आठवत होती. राजाराम लहान असताना ती गोठ्यात होती. म्हशीच्या शेजारी, पायात साखळी. ती बाई म्हातारी होऊन तिथेच मेली, आणि शेवटची काही वर्षं तिला माणसांसारखं बोलता येत नव्हतं. ती सरळ झाली होती हे मात्र खरं. कुणाला चावत नव्हती.

कौसल्या त्या दिवसापासून जेवली नव्हती. राजाराम हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. सोमवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, दिल्लीच्या हाताखाली ठेवायची, आणि मंगळवारपासून कामगार गिरणीत गेले नाहीत. तेव्हापासून शहरात दगड, लाठ्या आणि गोळ्या चालू होत्या. राजारामच्या डोक्यात फक्त रविवार होता.

पाणी भरून तो वर आला. आपल्या मनगटाची पट्टी सोडून ती त्याने कौसल्येला तिच्या हाताला बांधून घ्यायला दिली आणि मोरीत पाय धुवायला गेला. कौसल्येच्या बोटाला चिंधी होती. तिला गाठ आवळता आली नाही. तो तोंड पुसत बाहेर आला तेव्हा पट्टी जमिनीवर होती आणि कौसल्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खाली बघत होती.

"चेडू गेला," ती म्हणाली. "रस्त्यार गेला."

रस्त्यावर एवढ्या सकाळीच रणकंदन होतं. चाळीच्या तोंडाशी दिव्याचा खांब आडवा पाडला होता, त्याच्यावर हातगाडी, तिच्यावर कुणाचा तरी मोडका पलंग. अलीकडे दोनतीनशे माणसं, पलीकडे पोलिसांचा ट्रक. सोडावॉटरच्या बाटल्या फुटत होत्या. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे एका बाजूने सुरू होई आणि दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत त्याचा नुसता गडगडाट होई. एका माणसाचा कान लाठीने फाटला होता, तो ओट्यावर बसून धोतराच्या सोग्याने तो जागेवर दाबून धरत होता आणि दुसऱ्या हाताने पोरांना दगड पुरवत होता.

आनंदा तिथेच होता. त्याने राजारामला पाहून लांबूनच हात केला आणि पलंगाकडे बोट दाखवलं.

तुळसा पलंगाच्या पायावर उभी होती. फ्रॉकच्या ओच्यात दगड. एकेक काढत होती, डोळा बारीक करत होती आणि मारत होती. ट्रकच्या काचेवर एक बसला. काच गेली. खालची माणसं ओरडली. जे केलं म्हणून तिने सहा वर्षं मार खाल्ला तेच केलं म्हणून आज मोठमोठे बाप्ये तिला दगड वेचून देत होते.

"आरं राजा, तुझी पोरगी न्हवं ही?" आनंदा त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला. "काय नेम हाय. आपल्या मुकादमाच्या टकलावर सोडाय पायजे हिला."

राजारामने ऐकलं नाही. तो माणसांना कोपरं मारत पुढे घुसत होता. त्याला ट्रकच्या मागे उतरणारे बंदूकवाले दिसले होते. अश्रुधुराचं नळकांडं दिव्याच्या खांबापाशी येऊन पडलं आणि सगळा घोळका मागे फुटला. लोक त्याला तुडवत गेले. कुणाची तरी लाठी त्याच्या खांद्यात बसली, हात बधिर झाला. धूर हलला तेव्हा पलंगावर पोर एकटी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. एवढ्या कल्लोळात तिचे हात कानांवर नव्हते.

"तुळशे," राजाराम ओरडला. "खाली उतर. मागारी ये. तुळशे."

साच्यांवरून जाणारा आवाज त्या गोंगाटावरूनही गेला. तिने मान फिरवली. बाप दिसला, त्याचं उघडलेलं तोंड दिसलं. तिचं हसू गेलं. खांदे वर चढले. हातातला दगड तिने ट्रकवर मारायचा तो बापाला मारला.

दहा हातांवरून मारलेला दगड. तो डाव्या भुवईवर बसला. राजाराम गुडघ्यांवर आला, डोळा रक्ताने भरला. तो परत ओरडायला गेला, पण धूर घशात उतरला होता. तोंड उघडलं, आवाज आला नाही. तिने दुसरा दगड काढला होता. आणि वीस वर्षं आवाज पोचत नाही अशा जागी उभ्या राहिलेल्या माणसाचा हात त्याला न विचारता उठला. पंजा छातीवर आला आणि सावकाश पोटापर्यंत गेला. साचा थांबव.

तुळसाने पाहिलं. दगड हातातच राहिला.

त्याने परत केलं. छातीवरून पोटाकडे, सावकाश. तिच्या कपाळाला आठी पडली. खोड्याळ पोर गारुड्याकडे बघतं तशी ती बघत होती, की याच्या हातात आहे तरी काय. मग तिने दगड सोडला आणि आपला पंजा आपल्या छातीवर ठेवला.

त्याने बोटांनी बोलावलं. ती पलंगावरून उतरली.

तेवढ्यात गोळ्या सुटल्या. सुक्या बांबूच्या कांड्या पेटल्यासारखा आवाज. भिंतीच्या कडेने रॉकेलची बाटली घेऊन घराकडे निघालेला एक माणूस, ज्याने सकाळपासून एक खडाही उचलला नसेल, भिंतीला पाठ लावून खाली बसला. त्याच्या सदऱ्यावर आधी रॉकेल पसरलं, मग दुसरं. राजारामने पोरीला खाली घेतलं आणि तिच्यावर पडला. तिने खालून त्याच्या छातीचा लचका धरला. दात बनियनमधून मासात गेले. त्याने आवाज केला नाही. करता येत नव्हता. बाटलीवाल्या माणसाची टाच दगडावर घासत होती, घासत होती, मग थांबली. तेव्हा कुठे पोरीचे दात सुटले.

आनंदाने दोघांना ओढत गल्लीत आणलं.

संध्याकाळी संचारबंदी लागली. राजारामच्या भुवईला पुतळाबाईने हळद दाबली होती. "बापाला तरी कशाला सोडंल," ती म्हणाली, पण हळद तिचीच होती. नाना खाटेवर बसून सगळं बघत होता. त्याच्या मते आता बोलायचं काही उरलंच नव्हतं.

राजारामला दुसऱ्या दिवशी भूत लागल्यासारखं झालं. पोरीसमोर बसून तो हात करू लागला. चहा. जेव. धागा गेला. ये. तिने पेल्याकडे बोट दाखवून दोन बोटं ओठांना लावली तेव्हा कौसल्येने पदर तोंडात धरला. दुपारी आनंदा गच्चीवरून लपत आला. तो आणि राजाराम नेहमीसारखे हातांनी बोलत बसले. आनंदाने मिशी पिळून, पोट पुढे काढून मुकादमाची नक्कल केली, तर तुळसाने नानाकडे बघून मिशी पिळली. नानाला मिशी नव्हती. आनंदा इतका हसला की त्याला ठसका लागला.

"हिला खात्यात घाल रं," तो जाताना म्हणाला. "आपल्यापरीस चांगलं बोलती."

हा एक दिवस. शनिवारी सकाळी कौसल्या तुळसाला पेज वाढत होती. नाना खाकरून काहीतरी मोठ्याने म्हणाला, राजारामने त्याला त्याहून मोठ्याने उत्तर दिलं, दोघे भाऊ बोलायला लागले, आणि तिने चुलीवरचं पातेलं ओढलं. उकळती पेज कौसल्येच्या पायावर गेली. कातडं तिथल्या तिथे फुगलं. राजारामने हात केला. छातीवरून पोटाकडे. तिने पाहिलंच नाही, ती भिंतीवर डोकं आपटत होती. त्याने तिला धरलं, तिने त्याच्या भुवईची खपली ओरबाडली. मग खुंटीवरची वादी त्याच्या हातात आली. एक, दोन, तीन. पोटऱ्या, मांड्या, जिथे बसेल तिथे. आज पायांचं बंधन राहिलं नाही, चौथा फटका मानेवर बसला. पोर कोपऱ्यात गोळा झाली. हात कानांवर.

पाचवा वर गेला तो कौसल्येने धरला. भाजलेल्या पायावर उभी राहून, चिंधी बांधलेल्या हाताने.

"ऐकना नाय," राजाराम म्हणाला. "बघितलंस? ऐकनाच नाय."

कौसल्या त्याच्या अगदी समोर आली. त्याला ओठ दिसावेत इतक्या जवळ.

"ऐकना नाय कोण?" ती म्हणाली. "ता, काय तू? मारताना तू काय बोंबलतंस ता तुका ऐकाक येता? खालच्या मजल्यार ऐकाक येता. बोटीच्या धक्क्यार ऐकाक येता. पायार मारतंस आणि पोर कान धरता. सहा वर्षां धरता. तेका वादी लागना नाय रे. तुझो आवाज लागता."

त्याला सगळं कळलं. एकही शब्द सुटला नाही. त्याने कोपऱ्यात पाहिलं. मानेवरचा वळ फुटला होता, रक्त गळ्याकडे येत होतं, आणि हात तिथे नव्हते. हात कानांवरच होते.

"मी आता मोठ्यान बोलतंय?" त्याने विचारलं.

कौसल्येने मान हलवली. तळवा खाली केला. कमी.

"आता?"

आणखी खाली.

"आता?" हे त्याला स्वतःला अजिबात ऐकू आलं नाही. नुसती घशात हालचाल झाली. कौसल्येचा तळवा थांबला. कोपऱ्यातल्या पोरीचा एक हात कानावरून निघाला होता.

रविवारी सकाळी नानाने वळकटी बांधली. संचारबंदी दोन तास उठणार होती, बोट सुटणार की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं, पण नाना म्हणाला की नसली तर धक्क्यावर झोपू. त्याच्या हातात काथ्याची दोरी होती. तुळसा दाराशी बसून फरशीवरच्या भेगेतून मुंगी काढत होती.

"ऊठ गो," नाना तिचा दंड धरून म्हणाला. गावचा आवाज, शेताच्या बांधावरून बांधावर जाणारा.

दाराला टेकवलेला पाटा-वरवंटा. तिने वरवंटा उचलला तो नानाला दिसलाच नाही. मनगटावर बसला तेव्हा हाड वाजल्याचं सगळ्यांना ऐकू आलं, राजारामखेरीज. नाना मनगट धरून खाली बसला. त्याचा चेहरा पांढरा झाला. वरवंटा परत वर गेला होता.

राजाराम मध्ये गेला. पंजा छातीवर, सावकाश खाली. ती त्याच्याकडे बघत होती, श्वास फुगलेला, मानेवरच्या वळावर खपली धरलेली. वरवंटा वरच. त्याने परत केलं. तिसऱ्यांदा केलं. ती वरवंटा टाकेल असं त्याला वाटत नव्हतं. चौथ्यांदा तिने वरवंटा खाली आणला, पण ठेवला नाही, छातीशी धरून कोपऱ्यात जाऊन बसली.

"बघितलंस?" नाना म्हणाला. "बघितलंस ना? ह्या कधी सुधारूचा नाय. दोरी घी. दोघां मिळून बांधूया."

राजारामने कौसल्येकडे पाहिलं. तिचा तळवा आधीच खाली आला होता.

"मी देवचंय नाय," तो म्हणाला.

"काय?"

इतकी वर्षं त्याला कुणी 'काय' विचारलं नव्हतं. तोच विचारत आला होता.

"पोर हयच ऱ्हवतला. दावणीक जावचा नाय."

"उद्या कोणाचो जीव घेतल्यान तर?"

राजाराम नानाचे ओठ बघत राहिला. "तर माका बांधून न्हेवंदेत," तो शेवटी म्हणाला.

"माका परत पत्र घालू नको."

"नाय घालणंय."

आनंदाने नानाचं मनगट फळकुटात बांधून दिलं आणि वळकटी घेऊन त्याला नाक्यापर्यंत पोचवलं. जिन्यात पुतळाबाईने वाट अडवून विचारलं की न्यायला आलेला माणूस रिकाम्या हाताने कसा चालला. नाना म्हणाला, हात रिकामो खंय आसा, मोडलेलो आसा. पुतळाबाई वर आली. दारात उभी राहून तिने कोपऱ्यातली पोर पाहिली, छातीशी वरवंटा घेतलेली.

"ठिवली व्हय," ती म्हणाली. "आमच्या दारावरनं जाऊ नगं म्हनावं. मी झाडू घिऊन बसनार हाय, ध्यानात ठिवा." आणि मग जरा थांबून, राजारामला दिसेल असं तोंड त्याच्याकडे करून, "त्यो वरवंटा काढून घ्या आदी. मला मसाला वाटाय लागतो उसना."

राजारामने लगेच काढून घेतला नाही. रात्री ती झोपल्यावर काढता येईल असं त्याने ठरवलं. कौसल्येचा पाय फुगलेला, बोटाला चिंधी, ती भिंतीला टेकून बसली होती आणि तांदूळ चुलीवर चढले होते. आमटीला नारळ हवा होता. त्याने विळी ओढली, पाय मुडपून तिच्यावर बसला, नारळाचं भकल खवणीला लावलं आणि करवंटीचं काळं उतरू नये म्हणून हात हलका ठेवून खवायला लागला.